शिमगा झाला की लॉन पिवळं पडतंय? पाणी वाढवण्याआधी वीतभर खणून पाहा

“रोज दोन वेळ शिंपतेय हो. आता आणखी किती पाणी घालू?” गेल्या शिमग्यात पालखी पुढच्या घरी गेल्यावर शेजारच्या काकूंनी मला अंगणातच थांबवून विचारलं. त्यांच्या पायाशी लॉनचा एक पट्टा वाळल्या पेंढ्यासारखा पिवळा पडला होता आणि तिथून हातभर अंतरावर तेच गवत हिरवंगार होतं. पाणी एकाच पाइपाचं, शिंपणारा हातही एकच.

दापोली तालुक्यातल्या हर्णै, आंजर्ले, मुरूडच्या या किनारपट्ट्यात घरापुढे लॉन आणि मागे परसबाग करणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न फाल्गुन ते चैत्राच्या दिवसांत पडतो. पावसाळ्यात पाय ठेवायला जीव होऊ नये इतकं सुंदर दिसणारं गवत मार्चमध्ये जागोजाग विझायला लागतं. मग पाणी वाढवलं जातं, त्यावर मूठभर युरिया पडतो, आणि पंधरा दिवसांत जे पिवळं होतं ते तपकिरी होतं. मी स्वतःच्या अंगणात सलग तीन वर्षं हेच केलं. चौथ्या वर्षी खुरपं घेऊन बसलो तेव्हा कळलं की पाणी कमी पडतच नव्हतं. ते मुळापर्यंत पोचत नव्हतं.

एक गोष्ट आधी मनातून काढून टाकायला हवी. लॉन उन्हाने जळतंय असं आपण म्हणतो, पण आपल्याकडे लावतात ती हरळीच्या जातीची गवतं, बफेलो, कार्पेट, मेक्सिकन ही सगळी उष्ण प्रदेशातलीच आहेत. २७ ते ३५ अंश तापमान त्यांना चांगलं मानवतं. किनाऱ्यावर मार्च-एप्रिलमध्ये पारा बहुतेक दिवस याच पट्ट्यात असतो. समुद्रावरचा वारा उशिरा सुटला तर एखादा दिवस ३८-४० पर्यंत जातो खरा, पण त्या एका दिवसाने गवत मरत नाही. मुळाशी ओल असेल तर या दिवसांत गवताने उलट वाढायला हवं. ते पिवळं पडतंय म्हणजे वाटेत कुठेतरी काहीतरी अडलंय, आणि ते कुठे अडलंय हे वरून दिसत नाही.

डाग जागा बदलतो की नाही?

खणण्याआधी एकच काम करा. गेल्या वर्षीचे, त्याच्या आदल्या वर्षीचे अंगणातले फोटो मोबाइलमध्ये शोधा. शिमग्याचे, पालखीचे, पाहुण्यांचे फोटो प्रत्येकाकडे असतातच, आणि त्यांत पायाखालची जमीन दिसते. पिवळा डाग दरवर्षी त्याच जागी, साधारण त्याच आकाराचा असेल तर कारण जमिनीखाली आहे. डाग दरवर्षी नव्या जागी उठत असेल तर कीड, बुरशी, तुडवण किंवा वरून पडलेलं काहीतरी शोधायचं. सगळं लॉन एकसारखं फिकट पडत असेल तर पाणी आणि खत यांच्याकडे बघायचं. इतकं कळलं तरी निम्मी धावपळ वाचते.

माझ्या अंगणातला डाग तुळशीवृंदावनाच्या डाव्या हाताला, लांबट, फुटक्या पणतीच्या आकाराचा होता. तीन वर्षांच्या तिन्ही फोटोंत तोच.

मग संध्याकाळी नेहमीसारखं पाणी घातलं, तासभर थांबलो, आणि डागाच्या मधोमध खुरप्याने चारही बाजूंनी चिरून वीतभर लांबीरुंदीचा चौकोन उचलला. वरची इंचभर माती ओली, गडद तांबडी. त्याच्या खाली रेघ मारल्यासारखी कोरडी पूड, बोटांत घेतली तर पिठासारखी सुटणारी. आणखी खाली खुरपं खट्‌कन थांबलं. चिऱ्याचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, एक प्लॅस्टिकची गोणीसुद्धा. घर बांधताना उरलेला सगळा राडारोडा तिथे भर म्हणून ओतला होता, वर दोन इंच लाल माती पसरली होती आणि त्यावर लॉनच्या गाद्या अंथरल्या होत्या. गवताची मुळं त्या ओल्या इंचात आडवी पसरली होती. खाली एकही गेलं नव्हतं.

ज्याने ते काम केलं त्याने पावसाळ्याच्या तोंडावर केलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. एवढ्या पावसात गोणपाटावरही गवत उगवतं, म्हणून पहिले चार महिने सगळं झकास दिसलं. पाऊस थांबला, हिवाळ्यात दव पडत होतं तोवर गवताने कसंबसं निभावलं, आणि फेब्रुवारीत सकाळचा कोरडा वारा डोंगराकडून सुटल्यावर दोन इंच मातीतली ओल दुपारपर्यंत संपायला लागली.

तुमच्या खड्ड्यात काय निघेल ते वेगळं असू शकतं. सड्यावरच्या घरांना भर नसली तरी चार-सहा इंचांवर कातळ लागतो. किनाऱ्यालगत पुळणीत घर असेल तर खाली कितीही खणा, वाळूच. तिथे पाणी अडत नाही, थेट निघून जातं. म्हणून खड्डा एक पुरत नाही. एक डागात, एक हिरव्या भागात, दोन्ही शेजारी ठेवून बघा. फरक डोळ्यांना दिसतो.

पाणी मातीवर घरंगळतंय का?

खड्ड्यातून निघालेल्या त्या कोरड्या पुडीचा चमचाभर ढीग ताटलीत घ्या आणि वरून पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब लगेच जिरला तर माती ठीक आहे. पाच सेकंदांहून जास्त वेळ मोत्यासारखा उभा राहिला तर त्या मातीने पाणी घेणं बंद केलंय. कुजलेल्या पानांचे, मुळांचे मेणचट थर मातीच्या कणांवर बसतात, आणि माती एकदा पुरती वाळली की पाणी तिच्यावरून घरंगळतं. कोकोपीट घातलेल्या कुंड्यांत हा अनुभव सगळ्यांनाच येतो: वरून पाणी ओता, दोन मिनिटांत खालच्या भोकातून बाहेर, आणि कुंडी उचलली तर हलकी फूल.

अशा जमिनीवर पाणी नुसतं वाढवून उपयोग नाही, ते पाटाने गटारात जातं. मी पहारीने, जाड सळईही चालते, दर वीतभरावर सहा-सहा इंच खोल भोकं पाडली, मग पाइप अगदी मंद सोडून जागा भिजवली, अर्धा तास थांबलो, पुन्हा भिजवली, पुन्हा थांबलो, तिसऱ्यांदा भिजवली. पहिल्या पाण्याने माती फक्त नरम होते, जिरतं ते दुसरं-तिसरं. भोकांत चाळलेलं गांडूळखत आणि जाडसर वाळू भरली. समुद्रावरची वाळू आणू नका, नदीची हवी. पुळणीतल्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुना दोन्ही असतात.

किती पाणी घालायचं याचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. सरळ कडांचा रिकामा डबा लॉनवर ठेवा, नेहमीसारखं शिंपा आणि डब्यात पट्टी बुडवून बघा. करवंटी नको, तिचा तळ गोल असतो, माप चुकतं. डब्यात १ मिलीमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. या दिवसांत लॉनला आठवड्याला साधारण २५ ते ३० मिलीमीटर पाणी लागतं. काकूंच्या डब्यात एका वेळेला जेमतेम दीड मिलीमीटर जमा झालं. दिवसातून दोनदा म्हणजे ३, आठवड्याला २१. आकडा तसा फार कमी नाही, पण दर वेळी दीड मिलीमीटर म्हणजे फक्त पाती आणि वरची माती ओली होते, आणि ती दोन तासांत उडून जाते. मुळाला खाली जायचं कारणच उरत नाही. तेच पाणी एक दिवसाआड, एका वेळेला सात-आठ मिलीमीटर, पहाटे घातलं तर खालपर्यंत पोचतं. पुळणीत मात्र एका वेळेला यापेक्षा जास्त घालून उपयोग नाही, वाळू धरून ठेवत नाही. तिथे दिवसाआडचा नेम मोडायचा नाही आणि शेणखत, कंपोस्ट दरवर्षी घालत राहायचं.

पहाटेच का? संध्याकाळी पाती भिजली तर रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला रान मिळतं. दुपारी वाऱ्याने निम्मं उडतं.

पालखी नाचली तिथे

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी अंगणात येते, ढोल वाजतो, माणसं नाचतात. ते अंगणाचं भाग्यच आहे आणि त्यासाठी लॉन जपत बसू नये. पण एवढ्या पायांखाली ओली माती दडपते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि आठवड्याभराने बरोबर तेवढंच रिंगण पिवळं होतं. असा डाग ओळखायला सोपा: पहार तिथे आत जाताना अंगठ्यापर्यंत हादरे देते, शेजारच्या जागेत सहज जाते. उपाय वरचाच, भोकं पाडून मंद पाणी. पालखी येणार त्याच्या दोन दिवस आधीपासून त्या भागाला पाणी घालू नका. कोरडी जमीन ओल्या जमिनीपेक्षा कितीतरी कमी दडपते. एवढं केलं तर गवत तीन-चार आठवड्यांत स्वतःच भरून येतं.

विहिरीचं पाणी चैत्रात बदलतं

आता ज्या कारणाकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं ते. माती चांगली, पाणी मोजून, पहाटे, तरी गवताची टोकं करपतात. आधी फक्त पात्याचं टोक, मग कडा, मग पातं गुंडाळतं. जास्वंदीच्या जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात. गुलाब तर सगळ्यांच्या आधी तक्रार करतो. हे सगळं एकाच वेळी दिसलं तर विहिरीकडे जा.

किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. ठोकताळ्याने, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची जेवढी उंची, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडं पाणी टिकतं. उलट बाजूने वाचलं तर भीती कळते: सतत उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली तर खालचं खारं पाणी ४० फुटांपर्यंत वर सरकायला मोकळं होतं. रहाटाच्या काळात कुणी विहिरीचा असा घोट घेत नव्हतं. आता पंप लावून लॉन, माड, टाकी, गाडी सगळं एका दमात आटोपतो, आणि मे महिन्यात पाहुणे आले की उपसा दुप्पट होतो.

पाणी मचूळ झालंय हे घरच्या माणसाला जिभेने कळत नाही, कारण ते रोज थोडंथोडं बदलतं. मुंबईहून आलेला पाहुणा पहिल्या घोटाला सांगतो. साबणाला फेस येईनासा होतो, डाळ शिजायला वेळ लागतो. घरच्या घरी बघायचं तर काळ्या तव्यावर वाटीभर पाणी मंद आटवा. तळाशी उरलेला पांढरा थर जानेवारीत आणि एप्रिलमध्ये शेजारी ठेवून पाहिला तेव्हा मला जे कळायचं ते कळलं. नेमकं हवं असेल तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या आणि विद्युत वाहकता विचारा, तिच्यावरून पाण्यातल्या मिठाचा अंदाज येतो. सिंचनाच्या पाण्यासाठी ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत काळजी नाही, ०.७ ते ३ मध्ये जपून वापरायचं, ३ च्या वर लॉनचा नाद त्या पाण्यावर करायचा नाही.

मी जे बदललं ते सांगतो. पंप एका दमात दीड तास चालायचा, तो आता पहाटे वीस मिनिटं, सकाळी वीस, संध्याकाळी वीस चालतो. मध्ये विहिरीला भरून यायला वेळ मिळतो. पहाटेचं पाणी थेट लॉनला, बाकीचं टाकीत. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड, तळापासून जेवढा वर घेता येईल तेवढा घेतला, कारण खारटपणा तळाशी जास्त. स्प्रिंकलर मार्चपासून बंद करून पाणी जमिनीवरून सोडतो, कारण मचूळ पाणी पात्यांवर पडून उन्हात आटलं की मीठ पात्यावरच राहतं. आणि अशा पाण्याचा थोडा थोडा शिडकावा सगळ्यात वाईट. प्रत्येक शिडकाव्याबरोबर मीठ वरच्या इंचात साठत जातं. पाणी द्यायचं तर भरपूर द्यायचं, म्हणजे मीठ मुळांच्या खाली धुऊन निघतं. भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी शक्यतो गुलाब आणि कुंड्यांना. साबणाचं पाणी माडाला चालतं, कुंडीला नको.

गवताची निवडही इथेच ठरते. रुंद पानाचं कार्पेट गवत सावलीत छान वाढतं, पण मीठ त्याला अजिबात सोसत नाही. हरळीच्या जाती बऱ्यापैकी सोसतात, बफेलोही. समुद्रकाठचं म्हणून ओळखलं जाणारं पास्पालम सगळ्यांत जास्त सोसतं. नर्सरीत आपल्याला विचारतात ते फक्त “बारीक पानाचं हवं की रुंद?” तुम्ही त्यांना विहिरीचं पाणी कसं आहे ते सांगा.

मिठाचं आणखी एक कारण आपल्या हातानेच होतं. माडाच्या आळ्यात खडेमीठ घालायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. माड ते सोसतो, त्याला ते मानवतंही. पण आळ्याला लागून लॉन असेल तर पुढच्या दोन पाण्यांत ते मीठ गवताखाली जातं आणि माडाभोवती अर्धचंद्राकृती टक्कल पडतं. एका घरी त्या टकलावर दोन वेळा नवीन गाद्या लावून झाल्या होत्या. आळ्याभोवती चार फूट लॉनच ठेवू नका. तिथे नारळाची सोडणं पसरा, उपडी, म्हणजे पाठ वर. ओल टिकते, तण येत नाही, आणि कुजली की माडाला पोटॅश मिळतं.

भिंतीकडेचा पिवळा पट्टा

कंपाउंडच्या भिंतीला किंवा घराच्या जोत्याला समांतर, हात-दीड हात रुंदीचा पिवळा पट्टा असेल आणि त्यात नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील तर तो सिमेंटचा परिणाम असतो. आपली जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी. तिच्यात लोह एवढं की तिचा रंगच त्याचा. पण सिमेंट-चुन्याचा चुरा पडला की तेवढ्या पट्ट्यात सामू (पीएच) चढतो आणि त्या लाल मातीत उभं असूनही गवताला लोह उचलता येत नाही. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून ऊन उतरल्यावर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पट्टा हिरवा झाला तर निदान बरोबर. फरशीवर आणि चिऱ्यांवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. कायमचा उपाय म्हणजे तेवढी माती काढून बदलणं.

जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील आणि सगळं लॉन फिकट असेल तर नत्र कमी आहे. एवढ्या पावसात धुऊन जाणारच. पण युरिया कोरड्या जमिनीवर कधीही नाही. त्यात ४६ टक्के नत्र असतं. मूठ भरून भिरकावला की जिथे दाणे जास्त पडले तिथे ठिपके जळतात. चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे, ही वरची मर्यादा धरा. आदल्या दिवशी जमीन भिजलेली हवी, पाती कोरडी हवीत आणि टाकल्यावर लगेच पाणी. पाणी मचूळ असेल किंवा गवत आधीच करपत असेल तर मे अखेरपर्यंत खताचं नावही काढू नका. पहिल्या पावसानंतर घाला, दसपट लागू पडतं.

चुना मात्र अंदाजाने घालू नका. “कोकणची माती आंबट, चुना टाका” हे सगळेच सांगतात, आणि भिंतीकडेच्या पट्ट्यात चुना टाकला तर उरलंसुरलं गवतही जातं. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच मातीवर काम करतंय. तिथे किंवा आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या. अंगणात चार-पाच ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यायचे, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, एकत्र करून सावलीत वाळवायची आणि अर्धा किलो द्यायची. डागाची माती वेगळी, चांगल्या भागाची वेगळी. दोन्ही मिसळलीत तर अहवाल कशाचाच नसतो.

सावली गेली, सावली आली

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे किती झाडं पाडली ते सांगायला नको. आमचे दोन फणस आणि कुंपणाकडेच्या पोफळी गेल्या. त्या वेळी जखम झाडांची होती, गवताकडे कोण बघणार. पण पुढच्या मार्चमध्ये त्या सावलीतलं कार्पेट गवत सरळ उन्हात आलं आणि जळून गेलं. ज्यांच्याकडे वादळानंतरच डाग सुरू झाले त्यांनी जमिनीखाली फार शोधू नये. उन्हाचं गवत लावावं, नाहीतर झाड लावून थांबावं. मी एका बाजूला हरळी लावली, एका बाजूला फणस. फणस आता माझ्या दीडपट उंच आहे.

उलटंही होतं. आंब्याच्या कलमाखालचं गवत काळं, चिकट दिसतं आणि माणसं लॉनवर बुरशीनाशक मारतात. वर बघा. मोहोरावर तुडतुडे असतील तर त्यांचा गोड चिकटा खाली ठिबकतो आणि त्यावर काजळी धरते. पाण्याने धुतली की जाते. इलाज आंब्यावर करायचा असतो, गवतावर नाही.

किडीबद्दल थोडक्यात. मार्चमध्ये डाग दिसला की पहिला संशय हुमणीवर येतो, पण तिच्या अळ्यांचं मुळं खाण्याचं काम पावसाळ्यात आणि त्यानंतर जोरात असतं, भुंगेरे वळवाच्या पहिल्या सरींबरोबर निघतात. खड्ड्यात इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली पांढरी अळी प्रत्यक्ष दिसल्याशिवाय औषध ओतू नका. या दिवसांत खरी सापडते ती वाळवी. वाळल्या गवताखाली मातीचा पापुद्रा, बोट लावलं की ढासळणारा. तिला आमंत्रण देतं ते कच्चं शेण. लॉनवर नेहमी पुरतं कुजलेलं, मातीचा वास येणारं शेणखतच घाला.

कापणीतही हात आखडता ठेवा. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही, आणि फाल्गुनापासून पावसापर्यंत गवत नेहमीपेक्षा बोटभर उंच राहू द्यायचं. उंच पाती खालच्या मातीवर सावली धरतात. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी तासून काढलेलं लॉन महिनाभर उठत नाही. पात्याची धारही बघा, बोथट असेल तर टोकं फाटून पांढरट होतात आणि तो रोग वाटतो.

परसातल्या भेंडी, मिरची, लाल माठ, तोंडलीच्या मांडवाखाली या दिवसांत एकच गोष्ट सगळ्यात जास्त कामी येते: पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा. आपण तो गोळा करून जाळतो आणि मग माती उघडी पडली म्हणून दुप्पट शिंपतो. तोच पातेरा चार बोटं जाड पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. मी आळीत हात घालून बघतो, दुपारी तीन वाजताही पातेऱ्याखाली माती थंड लागते. मिरचीची पानं चुरडली तर पाणी वाढवू नका. पान उलटून भिंगाने बघा, फुलकिडे वा कोळी असतात. जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने उडवा, आणि खोडावरून वर जाणारी मुंग्यांची रांग तोडा; त्या त्याला राखतात.

घर बंद ठेवून मुंबई-पुण्याला राहणाऱ्यांसाठी एक विनंती. राखणदाराला “रोज पाणी घाल” एवढंच सांगून जाऊ नका. डबा दाखवा, त्यावर खिळ्याने आठ मिलीमीटरची रेघ मारून द्या, आणि “दिवसाआड, पहाटे, रेघेपर्यंत” असं सांगा. तो माणूस मनापासून काम करतो, माप आपण दिलेलं नसतं.

आणि काही ठिकाणी लॉन नको हे मान्य करावं. चार इंचांवर कातळ असेल तर मार्च ते मे तिथे गवत जगवायला विहीर उपसावी लागते. त्या जागी चिरे बसवा किंवा शेणाने सारवलेलं अंगण ठेवा. भर असेल तर ती काढता येते. माझी मी वळवाच्या पहिल्या सरीनंतर, मृगाच्या आधी काढली. दोन गड्यांना दीड दिवस लागला, चार घमेली नाही, चाळीसच्या वर निघाली. खाली आठ इंच लाल माती आणि कुजलेलं शेणखत दोनास एक या मापाने भरलं, पाणी घालून बसू दिलं, पुन्हा भरलं, आणि शेजारच्याच हिरव्या भागातली हरळीची मुळं वीतभर अंतरावर टोचली. नवीन गादी आणली नाही.

काकूंच्या पट्ट्याखाली मात्र भर नव्हती. खुरपं घातलं तर नऊ इंच चांगली माती निघाली, आणि तिच्यातून आडवा गेलेला एक जुना पाइप, ज्याच्या सांध्यातून न्हाणीचं साबणाचं पाणी वर्षानुवर्षं झिरपत होतं. पट्टा बरोबर त्या पाइपाच्या रेषेत होता. सांधा बदलला, पाणी माडाकडे वळवलं, पट्ट्यावर विहिरीचं पाणी तीन वेळा भरपूर सोडून धुतलं. कडेची हरळी एप्रिलच्या शेवटी आत सरकायला लागली होती.